‘अवर’ : स्थान आणि मूल्य

१

काही शब्द वाङ्मयात दुर्मिळ आणि कचेरीत नित्याचे असतात. ‘अवर’ हा त्यांपैकी एक. मुंबईच्या मंत्रालयात आणि दिल्लीच्या केंद्रीय कार्यालयांत ‘अवर सचिव’ ही पाटी शेकडो दारांवर लागलेली असते. परंतु त्या दारातून आत जाणारा मराठी माणूस बोलताना ‘अंडर सेक्रेटरी’ असेच म्हणतो. कथेत, कादंबरीत, नाटकाच्या संवादात हा शब्द जवळजवळ आढळत नाही. शासनाने स्वीकारलेला आणि समाजाने न उच्चारलेला असा हा शब्द आहे. त्याचा अर्थ विचारला असता बहुतेक सुशिक्षित वाचक ‘खालचा’ असे उत्तर देतील. ते चूक नाही, पण अपुरे आहे. ‘खालचा’ म्हणजे कोणाच्या खालचा, आणि ‘खालचा’ म्हणजे ‘हलका’ काय, हे दोन प्रश्न त्या उत्तरात दडून राहतात. या दोन प्रश्नांची उत्तरे ‘अवर’ शब्दाच्या इतिहासात वेळोवेळी निरनिराळी दिली गेली आहेत, आणि त्यांतील फरक अनुवादकाला व समीक्षकाला दुर्लक्षिता येण्याजोगा नाही.

हिंदी राजभाषेत या शब्दाचा संसार मराठीपेक्षा मोठा आहे. तेथे ‘अवर सचिव’ आहेच; शिवाय ‘अवर श्रेणी लिपिक’ आहे, उत्तर प्रदेशात ‘अवर अभियंता’ आहे, बिहार व झारखंड या राज्यांत ‘पुलिस अवर निरीक्षक’ आहे. मराठीने या तिन्ही जागी दुसरे शब्द योजले : कनिष्ठ लिपिक, कनिष्ठ अभियंता, पोलीस उपनिरीक्षक. हिंदीत ‘अवर’ला जोड म्हणून ‘प्रवर’ हा शब्द उभा करण्यात आला. ही जोडी कानाला सहज वाटते. व्युत्पत्तीने मात्र ती जोडी नव्हे. ‘प्रवर’मध्ये निवडीचा, श्रेष्ठत्वाचा ‘वर’ आहे. विधिमंडळाच्या ‘प्रवर समिती’त आणि गोत्राबरोबर उच्चारल्या जाणाऱ्या ‘प्रवरा’त तोच आहे. ‘अवर’ मात्र ‘अव’ म्हणजे ‘खाली’ या अव्ययापासून आलेला आहे. ‘वर’ नव्हे तो ‘अवर’, अशी फोड करण्याचा मोह होतो खरा. पण त्या फोडीने दिशा दाखवणारा शब्द उणीव दाखवणारा होऊन बसतो. पुढे या शब्दाचे जे झाले त्याची ही छोटी प्रतिमाच म्हणावी लागेल.

त्यातच ‘अपर’ या शब्दाचे शेजारपण. ‘अपर मुख्य सचिव’ हे राज्याच्या सेवेतील अत्युच्च पदांपैकी एक, तर ‘अवर सचिव’ उपसचिवाच्याही खालचा. दोन पदांमधील हे सारे अंतर ‘प’ आणि ‘व’ या एका अक्षराने तोलून धरले आहे. मुद्रणात ते अक्षर बदलले की अधिकाऱ्याची एका क्षणात बढती होते किंवा पदावनती. हा विनोद सोडला, तरी एवढे लक्षात घेतले पाहिजे की हे दोन शब्द शेजारी बसवणारा पहिला मनुष्य कोणी राजभाषा अधिकारी नव्हता. ते काम पाणिनीने केले होते.

२

‘अष्टाध्यायी’च्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील चौतिसाव्या सूत्रात पाणिनी सात शब्द एकत्र सांगतो : पूर्व, पर, अवर, दक्षिण, उत्तर, अपर, अधर. हे शब्द सर्वनामांप्रमाणे चालतात (प्रथमेच्या बहुवचनात विकल्पाने), पण त्याला दोन अटी आहेत. एक, शब्द ‘व्यवस्था’ या अर्थाने आलेला असला पाहिजे. दोन, तो ‘संज्ञा’ म्हणजे नाव नसला पाहिजे. ‘व्यवस्था’ म्हणजे येथे एका गोष्टीच्या संदर्भाने दुसरीचे स्थान. दक्षिण म्हणजे अमुक ठिकाणापासून दक्षिणेस. परंतु ‘दक्षिण’चा अर्थ ‘कुशल’ असा झाला, की व्यवस्था संपली आणि सर्वनामत्वही गेले. त्याचप्रमाणे ‘उत्तर कुरू’ हे एका प्रदेशाचे व लोकांचे नाव झाले, की तेथेही ते गेले.

ही केवळ रूपसिद्धीची बाब नाही. ‘तो’ म्हणजे कोण, हे जसे संदर्भावाचून ठरत नाही, तसेच ‘अवर’ म्हणजे कोण, हेही संदर्भावाचून ठरत नाही, असे हे सूत्र सांगते. आज जो एकाच्या दृष्टीने अवर आहे तो दुसऱ्याच्या दृष्टीने पर असू शकतो. शब्द वस्तूचा गुण सांगत नाही, दोन वस्तूंमधील नाते सांगतो. म्हणून या शब्दाला खरी अपेक्षा असते ती पंचमी विभक्तीची. ‘अवर’ म्हटल्याबरोबर ‘कोणाहून?’ हा प्रश्न आला पाहिजे आणि त्याचे उत्तर वाक्यातच किंवा वाक्याच्या जवळपास मिळाले पाहिजे.

शब्दाची घडणही हेच सांगते. ‘अवर’ हे तुलनेचे रूप आहे : दोहोंपैकी खालचा. त्याचे पराकोटीचे रूप ‘अवम’, म्हणजे सर्वांत खालचा. ‘अधर’ आणि ‘अधम’ यांचे नाते नेमके असेच आहे. तेव्हा ‘अवर’ आणि ‘अधम’ हे समानार्थी शब्द नव्हेत. एक तुलना करतो, दुसरा निवाडा देतो.

वेदात ‘अवर’ या नात्याच्या अर्थानेच वावरतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पितृसूक्ताच्या आरंभी अवर, पर आणि मध्यम अशा तिन्ही पितरांना एकत्र पाचारण केलेले आहे, आणि तिन्ही सोमाला योग्य मानलेले आहेत. अवर पितरांना आवाहन कमी आणि पर पितरांना अधिक, असा भेद तेथे नाही. स्थान भिन्न आहे, मान एकच आहे.

३

या शब्दाचे स्थानाकडून मूल्याकडे जे सरकणे झाले ते टीकाग्रंथांत फार स्पष्ट दिसते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील एकोणपन्नासाव्या श्लोकात कर्माला ‘अवर’ म्हटले आहे. तेथे मूळ रचना अत्यंत शुद्ध आहे : कशाहून अवर, याचे उत्तर ‘बुद्धियोग’ या शब्दाच्या पंचमीने दिलेले आहे, आणि अंतर किती, हेही ‘दूर’ या शब्दाने सांगितले आहे. परंतु शंकराचार्यांच्या भाष्यात ‘अवर’चा अर्थ ‘अधम’, ‘निकृष्ट’ असा दिला जातो. आचार्यांना त्यासाठी आधार नव्हता असे नाही. फलासाठी कर्म करणाऱ्यांना तोच श्लोक शेवटी ‘कृपण’ म्हणतो, आणि भाष्यकाराने फलार्थी कर्म असा खुलासाही केला आहे. तरीही एका शब्दापुरते पाहिले तर तुलनेची जागा निवाड्याने घेतली, हे नाकारता येत नाही. मराठीत गीता आणणाऱ्यापुढे म्हणून नेहमीच दोन वाटा असतात. ‘बुद्धियोगाहून कर्म फार खालचे’ असे म्हटले तर मूळ सांभाळले जाते. ‘कर्म तुच्छ होय’ असे म्हटले तर भाष्य सांभाळले जाते. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. मात्र दुसऱ्या वाटेने जाऊन तीच पहिली आहे असे भासवणे प्रामाणिक नव्हे.

साहित्यशास्त्रात हाच प्रकार अधिक परिणामकारक ठरला. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीची स्थापना करताना व्यंग्यार्थावाचूनच्या, केवळ शब्दाच्या वा अर्थाच्या चमत्कृतीवर उभ्या असलेल्या रचनेला ‘चित्र’ म्हटले. ते मुख्यत्वे काव्य नव्हे, काव्याची नक्कल होय, असे त्याचे मत. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याचे तीन प्रकार केले. व्यंग्य प्रधान ते उत्तम, व्यंग्य गौण ते मध्यम, आणि स्फुट व्यंग्य नसलेले चित्रकाव्य ते ‘अवर’. कारिकेतला हा शब्द मोठा जपून निवडलेला दिसतो. चित्राला काव्याच्या घराबाहेर काढायचे नाही, पण त्याची पायरी खालची आहे हे सांगायचे, यासाठी ‘अवर’हून नेमका शब्द सापडणे कठीण. परंतु त्याच कारिकेच्या वृत्तीत मम्मटच ‘अवर’चा अर्थ ‘अधम’ असा देतो. जी सवलत कारिकेने दिली ती वृत्तीने काढून घेतली.

नंतरच्या शास्त्रकारांची धाव पाहिली म्हणजे या एका शब्दाचे महत्त्व कळते. चौदाव्या शतकात विश्वनाथाने तिसरा प्रकार काव्य म्हणून मानण्याचेच नाकारले. सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने चार प्रकार केले : उत्तमोत्तम, उत्तम, मध्यम आणि अधम. शब्दचित्र आणि अर्थचित्र या दोहोंना एकाच खालच्या पायरीवर बसवणे त्याला अन्यायाचे वाटले. अर्थचित्राला त्याने एक पायरी वर घेतले. केवळ अक्षरांच्या कसरतीसाठी ‘अधमाधम’ असा पाचवा प्रकार करता येईल, असाही विचार त्याने मांडला आणि ती रचना काव्यच नव्हे म्हणून तो सोडून दिला. ‘उत्तमोत्तम’ आणि ‘अधमाधम’ हे शब्द मोठे बोलके आहेत. पराकोटीच्या शब्दांनी श्रेणी मांडली, की दोन्ही टोकांना आणखी पराकोटी लागते. तुलनेच्या शब्दांना ती लागत नाही, कारण त्यांना अंतिम टोकच नसते.

मराठी समीक्षेला हा वाद परका नाही. मोरोपंतांनी रामायणे रचली ती शंभरावर, आणि त्यांतील अनेकांत एखादे शब्दबंधन मुद्दाम पाळलेले आहे; ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारली जाणारी अक्षरेच टाळली आहेत. मम्मटाच्या मापाने या बंधनापुरती ही रचना चित्रकाव्याच्या घरात जाईल. आता ‘अवर’ हा शब्द कारिकेच्या अर्थाने घेतला, तर ध्वनिप्रधान काव्याच्या मानाने तिचे स्थान कोठे, भाषेच्या शक्यतांची पारख करण्यात तिने काय साधले, असे प्रश्न उघडे राहतात. वृत्तीच्या अर्थाने घेतला, तर प्रश्नच उरत नाहीत. निकाल लागून गेलेला असतो. लावणी, पोवाडा, लोकनाट्य, रहस्यकथा, आणि खुद्द अनुवाद, यांना ‘दुय्यम वाङ्मय’ म्हणण्याची जी रीत मराठीत पडली, तिच्यामागेही हीच घाई आहे. कशाच्या मानाने दुय्यम, हे न सांगता दुय्यमपण त्या प्रकाराच्या अंगी चिकटवून दिले जाते.

४

काव्यप्रकाराला ‘अवर’ म्हटल्याने होणारे नुकसान भरून काढता येते. माणसाला म्हटल्याने होणारे नुकसान तितक्या सहज भरून निघत नाही. अमरकोशात ‘अवरज’ हा धाकट्या भावाचा पर्याय आहे : जो नंतर जन्मला तो. तेथे केवळ काळाचा क्रम आहे, आणि त्यात वात्सल्यही असू शकते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मात्र ‘अवरज’ हा शब्द खालच्या वर्णात जन्मलेल्यासाठी येतो. अमरकोशाच्याच शूद्रवर्गात शूद्राचा पहिला पर्याय म्हणून ‘अवरवर्ण’ दिलेला आहे. आणि ‘जघन्यज’ हा शब्द तर एका ठिकाणी धाकटा भाऊ व दुसऱ्या ठिकाणी शूद्र असा दोन्हीकडे आहे. घरातील धाकटेपणासाठी घडलेला शब्द समाजातील खालचेपणासाठी वापरला गेला. फरक इतकाच की धाकटा भाऊ पुढे वडीलधारा होतो, शूद्राला त्या व्यवस्थेत ती मुभा नव्हती.

मनुस्मृतीच्या त्याच अध्यायात, श्रद्धावान मनुष्याने उत्तम विद्या ‘अवरा’कडूनही घ्यावी, असे सांगितले आहे. हे वचन उदारपणाचे उदाहरण म्हणून वारंवार दिले जाते. त्यातील उदारपणा ‘ही’ या अव्ययात आहे, आणि त्या उदारपणाची मर्यादाही त्याच अव्ययात आहे. विशेष म्हणजे येथे पंचमी आहे, पण ती विद्या कोणाकडून घ्यावी याची. तो मनुष्य कोणाहून अवर, हे सांगण्याची गरज स्मृतिकाराला वाटली नाही, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊकच होते. पाणिनीच्या भाषेत बोलायचे तर येथे ‘व्यवस्था’ संपली आणि ‘संज्ञा’ सुरू झाली.

डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. तिच्यात प्रत्येक पायरी कोणाच्या तरी वर आणि कोणाच्या तरी खाली असते; म्हणूनच मधल्या पायऱ्यांना ती मोडावीशी वाटत नाही. ‘अवर’ हा शब्द या विश्लेषणाला विलक्षण जुळतो, कारण नात्याने ठरणारे खालचेपण हाच त्याचा गाभा. परंतु ज्यांनी हे खालचेपण भोगले त्यांनी आपल्या साहित्यासाठी हा शब्द घेतला नाही, निम्न किंवा हीनही घेतला नाही. १९५८ साली मुंबईत पहिले साहित्य संमेलन भरले ते ‘दलित’ या नावाने. ‘दलित’ हे कर्मणी भूतकाळवाचक धातुसाधित आहे : दळला गेलेला, चिरडला गेलेला. त्यात क्रिया आहे, आणि क्रिया आहे म्हणून तिचा कर्ताही आहे, मग तो उच्चारलेला असो वा नसो. ‘अवर’मध्ये केवळ स्थान आहे, कोणी खाली ढकलले, याचा पत्ता त्यात लागत नाही. एक शब्द इतिहास सांगतो, दुसरा केवळ नकाशा दाखवतो. अनुवादकाने एकाच्या जागी दुसरा ठेवला, तर ती पर्यायाची चूक राहत नाही, साक्षीच बदलते.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. ‘अवर्ण’ आणि ‘अवरवर्ण’ हे शब्द दिसायला जवळचे आहेत, पण पहिला वर्णव्यवस्थेबाहेरचा आहे आणि दुसरा तिच्यातील शेवटच्या पायरीवरचा. संस्कृतातून किंवा इंग्रजीतून मराठीत उतरवताना या दोहोंची सरमिसळ झाली, तर समाजाचे चित्रच बिघडते.

‘सबाल्टर्न’ या संज्ञेच्या अनुवादाचा प्रश्न याच टप्प्यावर येतो. लॅटिनमधील ‘खाली’ आणि ‘दुसरा’ या दोन अंशांपासून हा शब्द बनला. सैन्यात तो कॅप्टनच्या खालच्या अधिकाऱ्यासाठी वापरला गेला. ग्राम्शीने तुरुंगातील टिपणांत त्याला वैचारिक संज्ञेचे रूप दिले. आणि १९८२ पासून रणजित गुहा यांच्या संपादनाखाली निघालेल्या ग्रंथमालेने तो भारतीय इतिहासलेखनात रुजवला. १९९५ च्या हिंदी संकलनाने ‘निम्नवर्गीय’ हा शब्द घेतला, १९९८ च्या बंगाली संकलनाने ‘निम्नवर्ग’. मराठीत काय घ्यावे, याचे उत्तर अद्याप एकमुखी नाही. निव्वळ घडणीकडे पाहिले तर ‘अवर’ हाच सर्वांत जवळचा पर्याय, कारण ‘सबाल्टर्न’मध्येही तो ‘दुसरा’, ज्याच्या खाली असायचे तो, शब्दातच बसलेला आहे. जणू पंचमी पोटातच घेतलेली आहे. ‘निम्न’मध्ये ती नाही, निम्न जमीन आपली आपण सखल असते. तरीही ‘अवर’ घेता येणार नाही. अमरकोशाच्या शूद्रवर्गात मुक्काम करून आलेला शब्द, ज्या लोकांचा इतिहास त्यांच्या बाजूने लिहायचा आहे त्यांच्या माथी मारणे, हे व्युत्पत्तीच्या शुद्धतेसाठी मोजायची किंमत म्हणून फार मोठे आहे.

५

मराठी लोकव्यवहाराने या बाबतीत दाखवलेले शहाणपण कोशकारांनी पुरेसे लक्षात घेतलेले नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला आणि फार्सी पदनामांना संस्कृत पर्याय दिले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने तेच कार्य इंग्रजी पदनामांच्या बाबतीत हाती घेतले. दोन्ही उपक्रम मोलाचे होते. तरीसुद्धा महसूल खात्यात ‘नायब तहसीलदार’ आणि ‘अव्वल कारकून’ राहिले, नोंदणी खात्यात ‘दुय्यम निबंधक’ राहिला. हे शब्द टिकले याचे एक कारण निव्वळ सवय आहे. दुसरे कारण त्यांच्या अर्थात आहे. ‘अव्वल’ म्हणजे पहिला, ‘दुय्यम’ म्हणजे दुसरा : निव्वळ मोजणी. ‘नायब’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा : निव्वळ नेमणूक. संस्कृतातून आलेल्या ‘उपसचिव’मधील ‘उप’ जवळीक दाखवतो, ‘सहसचिव’मधील ‘सह’ सोबत दाखवतो. या पंक्तीत एकटा ‘अवर’च उंची मोजतो. इंग्रजी पदनामातील ‘अंडर’ हा कोणाच्या तरी हाताखाली असल्याचे सांगतो. मराठीत येताना त्याचे विशेषण झाले आणि ‘सचिवाच्या हाताखालचा’ हा अर्थ ‘खालचा सचिव’ असा झाला. पंचमी पुन्हा गळाली.

‘कनिष्ठ’ या शब्दाचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. मुळात तो पराकोटीचा शब्द : सर्वांत लहान. मराठीने त्याला वापरून वापरून तुलनेच्या पातळीवर आणले. ‘माझ्याहून दोन वर्षांनी कनिष्ठ’ हे वाक्य आज कोणाला खटकत नाही. ‘कनिष्ठ दर्जा’ म्हटले की तो टोचतो, पण ‘कनिष्ठ सहकारी’ म्हटले की टोचत नाही, कारण तेथे पुढेमागे वरिष्ठ होण्याची वाट मोकळी असते. ‘अवर’ तुलनेपासून निघून निवाड्यापाशी पोहोचला. ‘कनिष्ठ’ निवाड्यापासून निघून तुलनेपाशी आला. पहिला प्रवास पंडितांच्या टीकांतून झाला, दुसरा लोकांच्या तोंडातून.

६

असे असले तरी ‘अवर’ टाकून द्यावा, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. या शब्दाचा आणखी एक वापर धर्मशास्त्रात आहे आणि तो विसरला गेला आहे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात धर्मनिर्णय करणारी परिषद ‘दशावरा’ किंवा ‘त्र्यवरा’ असावी असे म्हटले आहे. आठव्या अध्यायात साक्षीदार ‘त्र्यवर’ असावेत असे आहे. येथे ‘अवर’ म्हणजे किमान मर्यादा : निदान दहा, निदान तीन. या संख्येखाली परिषद ही परिषद नव्हे, साक्ष ही साक्ष नव्हे. खालची कड म्हणजे हलकी कड नव्हे. ती असल्यावाचून वरचे काही उभे राहत नाही. योगायोगाने शासनव्यवहारातही याला पुष्टी मिळते : राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावाने निघणारा आदेश अवर सचिवाच्या स्वाक्षरीनेही प्रमाणित होतो.

समीक्षकाने आणि अनुवादकाने या साऱ्यातून घ्यायचा नियम एकच आहे, आणि तो साधा आहे. ‘अवर’ किंवा त्याचा कोणताही पर्याय लिहिताना ‘कोणाहून?’ या प्रश्नाचे उत्तर वाक्यात असले पाहिजे. मूळ ग्रंथात ते उत्तर असेल तर अनुवादात गळू देऊ नये. गीतेतील पंचमी मराठीतही पंचमीच राहावी. मूळ ग्रंथात ते नसेल, तर अनुवादकाने पदरचे घालू नये, पण टीपेत ते नसल्याचे सांगावे, कारण मनुस्मृतीसारख्या ग्रंथात न दिलेली पंचमी हीच सर्वांत मोठी माहिती असते. भाष्यकाराने ‘अधम’ म्हटले असेल तेथे ‘अधम’च लिहावे आणि ते त्याच्या नावावर टाकावे, मूळ ग्रंथकाराच्या नव्हे. आणि एखाद्या वाङ्मयप्रकाराला खालची पायरी देण्याची वेळ आली, तर ती कोणत्या मापाने दिली, ते माप आधी वाचकापुढे ठेवावे. ते ठेवल्यावरही पायरी खालचीच राहील कदाचित. पण मग वाचकाला ते माप तपासता येईल, आणि पटले नाही तर नाकारताही येईल.